साखरी नाटे मराठीत कुठे आहे?

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविषयी मराठीत कमी लिहिले गेले, असे कुणी म्हणू शकणार नाही. अग्रलेख झाले, पुस्तिका निघाल्या, दिवाळी अंकांतून लेख आले. डॉ. अनिल काकोडकरांसारख्या शास्त्रज्ञांनी प्रकल्पाची बाजू मांडली, कार्यकर्त्यांनी ती खोडून काढली. परंतु हे सारे लेखन एकत्र ठेवून वाचले की एक गोष्ट सारखी खटकत राहते. त्यात जमीन आहे, आंबा आहे, सातबारा आहे, धनादेश आहे. समुद्र मात्र तापमानाच्या आकड्यापुरता आहे. आणि त्या समुद्रावर जगणारा मुसलमान मच्छीमार एका दिवसापुरता आहे. तो दिवस म्हणजे १८ एप्रिल २०११.

त्या दिवशी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला. त्याचे नाव या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे. मराठी-इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र त्याचे आडनाव तीन-चार तऱ्हांनी छापले. ही मुद्रणदोषाची बाब म्हणून सोडून देता येईल. पण ज्या माणसाच्या मरणावर इतक्या सभा झाल्या, त्याचे आडनावही मराठीला नीट लिहिता आले नाही, हे साहित्याचा विचार करणाऱ्याला सोडून देता येत नाही. त्याची होडी कोणती, तो कोणत्या मोसमात कशाच्या मागे जायचा, त्याच्या घरात कोणती बोली चालायची, यातले काहीच आपल्या वाङ्मयात आले नाही.

भूगोल आधी स्पष्ट करायला हवा, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. आमच्या तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे रस्ता जातो. विजयदुर्गाच्या उत्तरेला खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि माडबनचा सडा सुरू होतो. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या परिसरातली ९३८ हेक्टर जमीन प्रकल्पासाठी संपादित झाली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. त्याही पलीकडे जैतापूरची खाडी आहे, आणि त्या खाडीच्या उत्तर काठावर नाटे. म्हणजे नाट्याची जमीन प्रकल्पात गेलेली नाही. जमीन गेली नाही म्हणून खातेदार नाही, खातेदार नाही म्हणून प्रकल्पग्रस्ताच्या मूळ व्याख्येत नाही. समुद्राचा सातबारा निघत नसतो. प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी भोवतालच्या समुद्रापेक्षा पाच अंशांपर्यंत गरम असू शकेल, ही गोष्ट सरकारी कागदातच आहे. बांगडा आणि तारली ज्याच्या जाळ्यात येते त्याने ती वाचली आणि प्रश्न विचारला, तर त्याला कोणत्या नात्याने उत्तर द्यायचे, याची सोय त्या कागदात नव्हती.

विरोधी लेखनाने तरी ही सोय करायला हवी होती. झाले असे की, विरोधकांनीही सरकारचीच वही उघडली. सरकारने जमीन ओसाड म्हटली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अभ्यासाने ती ओसाड नसल्याचे दाखवले. हा युक्तिवाद योग्यच होता आणि करायलाच हवा होता. २०१०च्या जानेवारीत धनादेश घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना शेतकऱ्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवले, त्या प्रसंगाचे मोलही मोठे आहे. परंतु ओसाड की सुपीक, एवढ्यावर वाद ठरला की बोलण्याचा हक्क जमीनवाल्याला मिळतो. पुढे २०१३ साली सरकारने मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला, बऱ्याच खातेदारांनी तो स्वीकारला, आणि शहरातल्या वर्तमानपत्रांना वाटले की प्रश्न मिटला. नाट्याचा प्रश्न मिटला नव्हता. तो आधी कुणी नीट मांडलाच नव्हता.

शिक्षक म्हणून मला एका प्रसंगाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. २०११च्या जानेवारीत, अणुऊर्जेचे फायदे मुलांना सांगा असा आदेश शाळांकडे आला तेव्हा, त्या परिसरातल्या कित्येक गावांनी मुले शाळेत पाठवलीच नाहीत. मराठी लेखनात हा प्रसंग एका ओळीत येतो आणि जातो. वास्तविक तो एका कादंबरीचा ऐवज आहे. वर्गात फळ्याजवळ उभा असलेला मास्तर सरकारचा नोकर असतो आणि त्याच गावात भाड्याने राहतो. ज्याच्या घरून त्याला सणाला शिरखुर्मा येतो, त्याच घरच्या मुलाला त्याने सांगायचे की तुझ्या बापाला कळत नाही. बी.एड.च्या वर्गात आम्हाला 'ज्ञातापासून अज्ञाताकडे' हे सूत्र शिकवतात. मुलाला ज्ञात असलेला समुद्र बाजूला ठेवून त्याला अज्ञात युरेनियम चांगले कसे, हे शिकवण्याची पद्धत कुठल्याच पुस्तकात नव्हती. याच राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षकाने, माधव कोंडविलकरांनी, 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' ही दैनंदिनी लिहून गावातल्या जातिभेदाचे रोजचे चटके नोंदवून ठेवले होते. शिक्षकाने आपल्या गावाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर काय होऊ शकते, याचा नमुना त्या तालुक्यात आधीपासून होता. जैतापूरच्या वेळी अशी दैनंदिनी कुणी लिहिली असेल तर ती छापून आलेली नाही.

दुसरा ऐवज राजकारणातला आहे. २०११ साली प्रकल्पाविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलणारा पक्ष शिवसेना होता. ज्या पक्षाच्या मुंबईतल्या १९९२-९३ च्या आठवणी कोकणी मुसलमानांच्या घराघरांत ताज्या होत्या, त्याच पक्षाच्या भगव्या झेंड्याशेजारी नाट्याचे मच्छीमार उभे राहिले. गोळीबारानंतर दुसऱ्या दिवशी सेनेने जिल्हा बंद पुकारला. हे कसे घडले? भीतीने, सोयीने, की शेजारधर्माने? राजकीय विश्लेषकांनी 'सोयीची युती' म्हणून विषय संपवला. पण एखाद्या बाईने आपल्या मुलाला सभेला जाऊ देताना काय विचार केला असेल, हे विश्लेषकाचे काम नाही, ते कथाकाराचे आहे. आणि दुसऱ्या बाजूने सरकारपक्ष सांगत होता की बाहेरचे लोक गावकऱ्यांना भडकावत आहेत. 'बाहेरचे' हा शब्द मुसलमान वस्तीच्या संदर्भात उच्चारला की त्याचा अर्थ किती लांब जातो, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता थोडे आपल्याच घराकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपल्या लेखकांनी बरेच काही मिळवले. तलाक, दंगल, फाळणीचे ओझे, देशभक्तीची सतत द्यावी लागणारी परीक्षा, हे विषय मराठीत आपल्या बाजूने आले. परंतु रोजी हा विषय मागे राहिला. आपला लेखक बहुधा शिक्षक, कारकून किंवा वकील. कोकणात तर आणखी एक गाठ आहे, आणि तिच्याविषयी आपण जाहीर बोलत नाही. किनाऱ्यावरचे दालदी आणि स्वतःला कुळीन म्हणवणारे जमातवाले यांच्यात सोयरीक टाळली जायची. एकाच मशिदीत, एका सफेत नमाज पढणाऱ्यांत ही भिंत होती. लेखणी जमातवाल्यांच्या हाती राहिली, होडी दालद्यांच्या. साखरी नाटे आपल्या कथेत आले नाही याचे खापर केवळ पुण्या-मुंबईच्या मराठीवर फोडणे मला पटत नाही.

हमीद दलवाईंच्या 'इंधन'कडे या निमित्ताने पुन्हा जावेसे वाटते. १९६५ची ही कादंबरी चिपळूणकडच्या एका गावाची आहे. बऱ्याच वर्षांनी आजारी होऊन परतलेला निवेदक गावातले मुसलमान आणि कुळवाडी यांच्यातले बदललेले संबंध पाहतो, आणि ठिणगी पडायला किती थोडे पुरते हे आपल्याला दाखवतो. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत, माझेही आहेत. कादंबरीकार म्हणून मात्र त्यांनी एक गोष्ट केली: गावाला निष्पाप ठरवले नाही. आंदोलनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांना हा मोह फार होतो. त्यांचे गाव सुखी, एकोप्याचे, हिरवेगार असते आणि प्रकल्प येऊन ते बिघडवतो. 'इंधन' वाचलेल्या माणसाला हे चित्र खरे वाटणार नाही. खोत, कूळ, खलाशी, तांडेल, होडीचा मालक आणि दर्यावर्दी यांच्यातले जुने हिशेब बाकी असलेल्या गावात प्रकल्प येतो, तेव्हा नक्की काय पेटते? तशी कादंबरी आपल्याकडे नाही.

जे आहे त्यात प्रदीप इंदुलकर यांचा 'हाय पॉवर' हा लघुपट मला सर्वांत जवळचा वाटतो. इंदुलकर स्वतः भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता होते. २०१३ साली रिओ दि जानेरोच्या युरेनियम चित्रपट महोत्सवात या लघुपटाला पारितोषिक मिळाले. त्यांनी जैतापूरला काय होईल याचे भाकीत केले नाही. तारापूरला काय झाले ते तिथल्या माणसांना विचारले. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, म्हणजे तिथे आश्वासने जुनी होऊन गेली आहेत. ती आठवून बोलणारी माणसे, त्यांचा आवाज, हेच या लघुपटाचे बळ आहे. त्याची मर्यादाही त्यातच आहे. माणूस तिथे साक्षीदार म्हणून येतो. नुकसान सांगण्याखेरीज त्याला दुसरे काही बोलण्याची फुरसत मिळत नाही. त्याची थट्टा, त्याचे भांडण, त्याचा हट्ट बाहेरच राहतो. हा दोष दिग्दर्शकाचा कमी आणि या प्रकाराचा अधिक आहे. पण म्हणूनच लघुपटावर सारे सोडून चालणार नाही.

तमिळकडे पाहिले तर फरक लक्षात येतो. कुडनकुलमच्या विरोधाचे केंद्र इडिंदकरै हे ख्रिस्ती मच्छीमारांचे गाव होते. तिथल्या हजारो लोकांवर राजद्रोहासारखे गुन्हे लागले, तरी चर्चच्या अंगणातले त्यांचे उपोषण जगभर पोचले. याचे श्रेय साहित्याला द्यावे असे मी म्हणत नाही. पण त्याच किनाऱ्याच्या टोकाला, कन्याकुमारी जिल्ह्यात, तोप्पिल मोहमद मीरान यांनी आपल्या मुसलमान किनारी गावाची कादंबरी त्याआधी दोन दशके लिहून ठेवली होती, गावच्या बोलीत, गावातल्या मोठ्यांचा मुलाहिजा न ठेवता. त्या भाषेत किनाऱ्यावरचा मुसलमान हा आधीच ओळखीचा माणूस होता. आपल्याकडे त्याची पहिली ओळख झाली ती गोळीबाराच्या बातमीत.

जैतापूरचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही. फ्रेंच कंपनी अरेवा अडचणीत आली, तिची जागा ईडीएफने घेतली, २०२१ साली नवा प्रस्ताव आला. २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाले. म्हणजे हा विषय जुना झालेला नाही, आणि लिहायला उशीर झाला असेही नाही. मात्र २०११ साली पन्नाशीत असलेले तांडेल आता पासष्टीत आहेत. वाऱ्यांची नावे, भरती-ओहोटीचे हिशेब, कोणत्या खडपाशी काय मिळते, हे ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्याकडून ते त्यांच्याच बोलीत उतरवून घेण्याचे काम कोणत्याही महाविद्यालयीन मुलाला जमेल, फोनवर ध्वनिमुद्रण करायला खर्चही येत नाही. आपल्या संमेलनांतून कोकणी मुसलमानांच्या बोलीवर परिसंवाद होतात. पुढचा परिसंवाद नाट्याच्या बंदरावर, शुक्रवारच्या नमाजानंतर ठेवावा, आणि व्यासपीठावर निदान दोन खलाशी असावेत, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.