‘पानी’ आणि ‘पाणी’ : ध्वनिपरिवर्तनाच्या प्रकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवीच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो : ‘ध्वनिपरिवर्तनाची कारणे सोदाहरण स्पष्ट करा.’ उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. प्रयत्नलाघव म्हणजेच मुखसुख, अनुकरणातील अपूर्णता, अज्ञान, घाईने बोलणे, भावनेचा भर, भौगोलिक परिस्थिती, परभाषांचा संपर्क. प्रत्येक कारणापुढे दोन-दोन उदाहरणे लिहिली की गुण मिळतात. हे उत्तर तुम्ही मराठीत लिहा की हिंदीत, यादी फारशी बदलत नाही.

या टिपणात त्या यादीचीच चिकित्सा करायची आहे. यादी पाठ करू नका, असे सांगण्याचा हेतू नाही. ती नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तुम्ही तपासून पाहावे एवढाच हेतू आहे. आपल्याला असे दिसेल की यातील बहुतेक कारणे बदलाचे स्पष्टीकरण देत नाहीत. उलट, बदल म्हणजे बिघाड हा समज पक्का करतात. त्या समजाची किंमत वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

१. ‘पानी’ अशुद्ध कसे ठरले?

विदर्भातल्या अनेक घरांत ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणतात. अशा घरातील मुलाला शाळेत हमखास सांगितले जाते की ‘पानी’ अशुद्ध, ‘पाणी’ शुद्ध. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘तो अपभ्रंश आहे.’ आता मूळ शब्द पाहा. संस्कृतात तो ‘पानीय’ असा आहे, म्हणजे त्यात ‘न’ आहे. मुळाशी जुळणे ही शुद्धतेची कसोटी मानली, तर ‘पानी’ बरोबर आणि ‘पाणी’ चूक ठरेल!

अर्थात तेही खरे नाही. इतिहास असा आहे की प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला. मराठी, गुजराती आणि पंजाबी यांनी तो ‘ण’ टिकवला, म्हणून या तिन्ही भाषांत ‘पाणी’ आहे. हिंदीत आणि मराठीच्या काही बोलींत ‘ण’ पुन्हा ‘न’मध्ये मिसळून गेला. म्हणजे ‘पानी’ म्हणणाऱ्याने मूळ ‘न’ जपून ठेवलेला नाही आणि काही बिघडवलेलेही नाही. त्याच्या बोलीत एक बदल अधिक झाला, इतकेच.

प्रमाण मराठीतलाच उलटा प्रकार तर अधिक बोलका आहे. संस्कृत ‘पर्ण’मध्ये ‘ण’ आहे, पण प्रमाण मराठीत आपण ‘पान’ म्हणतो. ‘कर्ण’चे ‘कान’ झाले, ‘सुवर्ण’चे ‘सोने’ झाले. इथे ‘ण’ गेला आणि ‘न’ आला, तरी त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. या दोन गटांमागे नियम आहे. एकेरी ‘न’चा ‘ण’ झाला : जन – जण, भगिनी – बहीण, स्थान – ठाणे. जोडाक्षरातून आलेल्या दुहेरी ‘ण्ण’चा ‘न’ झाला : पर्ण – पण्ण – पान, कर्ण – कण्ण – कान. ‘धान्य’मधला ‘न्य’सुद्धा ‘ण्ण’च्या वाटेने ‘धान’पर्यंत आला. शब्दाच्या आरंभीचा ‘न’ मात्र राहिला : नाक, नख, नवा.

ही सारी रचना कोणाच्या अज्ञानातून किंवा आळसातून तयार होईल का? चुका विखुरलेल्या असतात. इथे तर शब्दांमागून शब्द एकाच ओळीत उभे आहेत.

२. प्रयत्नलाघवाने काय सुटते?

यादीतले पहिले आणि सर्वांत लाडके कारण म्हणजे प्रयत्नलाघव. ‘सप्त’ म्हणण्यापेक्षा ‘सात’ म्हणणे सोपे, म्हणून ‘सप्त’चे ‘सात’ झाले. ऐकताना हे पटते. पुढील शब्द मोठ्याने म्हणून पाहा.

संस्कृत : सप्त, हस्त, कर्ण, दुग्ध
प्राकृत : सत्त, हत्थ, कण्ण, दुद्ध
पंजाबी : सत्त, हत्थ, कन्न, दुद्ध
हिंदी : सात, हाथ, कान, दूध
मराठी : सात, हात, कान, दूध

पहिल्या पायरीवर प्रयत्नलाघव काही प्रमाणात लागू पडते. ‘प्त’मधले दोन भिन्न व्यंजन एकरूप झाले, आणि शेजारच्या ध्वनींनी एकमेकांसारखे होणे ही जगभर आढळणारी प्रवृत्ती आहे. पण पुढे काय झाले? मराठी-हिंदीत दुहेरी व्यंजन एकेरी झाले, आणि त्याच वेळी आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. व्यंजनात वाचवलेला वेळ स्वरात खर्च झाला. मग लाघव कुठे झाले? आणि पंजाबीने दुहेरी व्यंजन का राखले? श्रम वाचवण्याची इच्छा सर्व माणसांना सारखीच असते. जे कारण सर्वत्र सारखे आहे, ते दोन भाषांमधल्या फरकाचे कारण होऊ शकत नाही. तर्काची ही साधी कसोटी आहे. ती तुम्ही यादीतल्या प्रत्येक कारणाला लावून पाहू शकता.

३. हवामान आणि भूगोल

हीच कसोटी भौगोलिक कारणाला लावू. तमिळमध्ये दुधाला ‘पाल्’, वाघाला ‘पुलि’ आणि दाताला ‘पल्’ म्हणतात. तेलुगूत ‘पालु’, ‘पुलि’, ‘पल्लु’. कन्नडमध्ये मात्र ‘हालु’, ‘हुलि’, ‘हल्लु’. जुन्या कन्नडमध्येही आरंभी ‘प’च होता, नंतर त्याचा ‘ह’ झाला. हा बदल हवामानामुळे झाला असे म्हणावे, तर त्याच दख्खनच्या पठारावर बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत तो का झाला नाही? आणि असाच बदल दूर जपानी भाषेतही झालेला आहे. तिथल्या बेटांचे आणि कर्नाटकच्या पठाराचे हवामान कुठे सारखे आहे?

कन्नडच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट शिकता येते. ‘पाप’, ‘पुस्तक’ हे संस्कृत शब्द आजच्या कन्नडमध्ये ‘प’सकट आहेत. म्हणजे कन्नड बोलणाऱ्यांना ‘प’ उच्चारता येत नव्हता असे नाही. बदल एका काळात झाला. त्याच्या कक्षेत जे शब्द होते ते बदलले. बाहेरून आलेल्या शब्दांत ‘प’ राहिला.

मराठीतही असेच घडले आहे. ‘चाक’ आणि ‘चक्र’ हे शब्द एकापाठोपाठ म्हणा. ‘चाक’मधला ‘च’ दातांजवळचा, ‘त्स’सारखा आहे, ‘चक्र’मधला तालव्य आहे. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतही तोच फरक. प्राकृताच्या वाटेने आलेल्या शब्दांत ‘अ, आ, उ, ओ’ यांच्या आधीचा ‘च’ बदलला. संस्कृतातून पुन्हा उचललेल्या शब्दांत तो जुना राहिला. लिपी दोन्हींना एकच अक्षर देते, म्हणून हा फरक अमराठी वाचकाला पुस्तकात दिसत नाही. तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र तो ओळखीचा वाटेल, कारण त्यांच्याही भाषेत जवळपास अशीच विभागणी आहे. भाषाकुल वेगळे असले तरी शेजार एकच आहे.

४. ‘अपभ्रंश’ या शब्दाचे ओझे

बदलाला बिघाड मानण्याची सवय जुनी आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ‘गौः’ या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश सांगितले आहेत. तिथे ‘अपभ्रंश’ म्हणजे साधु शब्दापासून ढळलेले रूप. पतंजलीचा प्रश्न साधु शब्द कोणता, हा होता. भाषेचा इतिहास लिहिणे हा नव्हता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या प्रश्नाला चिकटवतो, तिथे घोटाळा होतो.

आपल्याच परंपरेत दुसरी दृष्टीही आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात दोन स्वरांमधल्या क, ग, च, ज, त, द, प, य, व यांचा बहुधा लोप होतो, असा नियम दिला आहे. त्यामुळेच ‘सूची’ची ‘सुई’ झाली. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृतांबरोबर अपभ्रंश भाषेचेही व्याकरण लिहिले. ज्याला नियम आहेत, त्याला मोडतोड कसे म्हणायचे?

शेवटी, ज्या संस्कृत रूपाला आपण स्थिर मूळ समजतो, तेही स्थिर नाही. ‘चक्र’ हाच शब्द घ्या. ग्रीक ‘क्युक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे त्याचे सख्खे नातलग आहेत. तुलनेवरून असे ठरते की या शब्दाच्या आरंभी मुळात ओठ गोल करून उच्चारलेला ‘क’ होता आणि त्याच्यापुढे ‘ए’सारखा स्वर होता. त्या स्वरामुळे ‘क’चा ‘च’ झाला आणि नंतर तो स्वरच ‘अ’ झाला. म्हणजे ‘चाक’ हा ‘चक्र’चा अपभ्रंश म्हणायचा, तर ‘चक्र’ हाही त्याच्या आधीच्या रूपाचा अपभ्रंशच! इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘सायकल’ हा शब्दही त्या ग्रीक शब्दापासूनच निघालेला आहे. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकाच कुळातले दोन शब्द शेजारी ठेवतो.

इथे एक इशारा हवा. नुसते सारखे दिसणे म्हणजे नाते नव्हे. फारसीतून आलेला ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा. पण त्यांचे नाते नाही. ‘चाक’ आणि ‘व्हील’ दिसायला परके, तरी सख्खे. पुरावा एका जोडीत नसतो, अनेक शब्दांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या संगतीत असतो.

५. मग यादीचे काय करायचे?

यादी टाकून देऊ नका, तिची वर्गवारी करा. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. ‘पानीय – पाणी’ हा नियमित, काळाच्या ओघात झालेला बदल. ‘स्टेशन – ठेसन’ हे परक्या शब्दाला आपल्या ध्वनींत बसवणे. ‘वाराणसी – बनारस’मध्ये ‘ण’ आणि ‘र’ यांनी जागा बदलल्या, ती एकट्यादुकट्या शब्दाची गोष्ट. तिन्हींना एकच कारण लावले की कुठलेच नीट समजत नाही. नियमालाही अपवाद असतात. पण १८७०च्या दशकातील जर्मन अभ्यासकांनी शिकवलेली शिस्त उपयोगी आहे : अपवाद दिसला की ‘अज्ञान’ म्हणून सोडून देऊ नका. उसना शब्द आहे का, दुसऱ्या शब्दाच्या साम्याने बदलला का, की आणखी एखादा नियम दडलेला आहे, ते शोधा.

बदल नेमका त्याच काळी, त्याच भाषेत का सुरू झाला, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नेहमी मिळत नाही. तसे परीक्षेत लिहिण्यात कमीपणा नाही. ‘आळसामुळे’ असे लिहिण्यापेक्षा ते अधिक शास्त्रीय आहे.

प्रमाणभाषेची गरज आहेच. अर्ज, पाठ्यपुस्तक, परीक्षा यांसाठी एक ठरलेले रूप लागते. पण ते रूप सोयीसाठी ठरवलेले आहे, असे विद्यार्थ्याला सांगावे. ‘तुझ्या घरची भाषा बिघडलेली आहे’ असे सांगू नये, कारण ते खोटे आहे.

स्वाध्याय

तुमच्या घरी बोलले जाणारे आणि शाळेत ‘चूक’ ठरवले गेलेले दहा शब्द लिहा. प्रत्येकापुढे प्रमाण रूप, संस्कृत किंवा अन्य मूळ माहीत असल्यास ते, आणि शेजारच्या एका भाषेतील रूप लिहा. एकच फरक तीन-चार शब्दांत पुन्हा दिसतो का, ते पाहा. दिसला, तर तुमच्या हाती चुकांची यादी नाही, तुमच्या बोलीचा एक नियम आहे.