पाठटाचणाबाहेरची मुले

शिक्षक-प्रशिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबते. महाविद्यालये भाराभर निघाली आणि दर्जा घसरला, ही एक तक्रार. पदव्या घेऊन पोरे बेकार हिंडतात, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण दोन्हींच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. प्रशिक्षण नीट दिले गेले असते आणि नोकऱ्या मिळाल्या असत्या, तर सारे ठीक झाले असते, असे ते गृहीत. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या बी.एड. महाविद्यालयात, प्रामाणिकपणे, मन लावून जे शिकवले जाते ते कोणत्या वर्गासाठी शिकवले जाते? त्या वर्गात कोण बसलेले असते? हा प्रश्न आपल्या परिवर्तनवादी चळवळीनेही फारसा लावून धरलेला नाही. आपण शाळाप्रवेशासाठी लढलो, वसतिगृहांसाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले. शिक्षक ज्या कारखान्यात घडतो त्या कारखान्याकडे मात्र आपले दुर्लक्षच झाले.

हे मी बाहेर उभा राहून लिहीत नाही. मी स्वतः बी.एड. केले आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून निघाले ते मुंबईला न थांबता पुढे वसईकडे आले. वडिलांचे आयुष्य वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत रोजंदारीवर गेले. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत माझे शिक्षण झाले. मास्तर होणे हे आमच्या घरात कलेक्टर होण्याइतकेच मोठे होते.

तर बी.एड.चा माझा पहिला सराव पाठ. आठवीचा वर्ग, मराठीची कविता. रात्रभर जागून पाठटाचण लिहिले होते. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रस्तावनेचे चार प्रश्न, हेतुकथन, फलकलेखन, स्वाध्याय. पाठ बरा झाला असे मला वाटले. निरीक्षणवहीत मार्गदर्शकांनी लाल शाईने एकच शेरा लिहिला होता : ‘उच्चार सुधारा.’ माझा ‘ण’ कुठेकुठे ‘न’ झाला होता. मी तो सुधारला. आरशासमोर उभा राहून ‘आणि’, ‘पाणी’, ‘कोणी’ म्हणत बसलो. आई स्वयंपाक करता करता हसली होती. त्या वर्षी मला चांगले गुण मिळाले. पण त्या एका शेऱ्याने मला जे शिकवले ते सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा खोल गेले. ज्या घरातून तू आलास ते घर वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेव, हा त्याचा अर्थ होता. मार्गदर्शक दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच माझे भले व्हावे असे वाटत होते. म्हणूनच तो शेरा एका माणसाचा राहत नाही, व्यवस्थेचा ठरतो.

सूक्ष्म अध्यापन नावाचा एक प्रकार बी.एड.ला असतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो जन्मला. शिकवण्याची एकेक कौशल्ये सुटी करून पाच-सात मिनिटांच्या पाठांतून घोटवायची, ही त्यातली कल्पना. प्रश्न विचारण्याचे कौशल्य, प्रबलनाचे कौशल्य, चेतक बदलाचे कौशल्य. कल्पना वाईट नाही. सुतारसुद्धा आधी रंधा धरायला शिकतो. पण आमच्याकडे या पाठाला विद्यार्थी कोण? आमच्यातलेच पाच-दहा छात्राध्यापक आठवीतली मुले होऊन बाकावर बसत. ही मुले पोटभर जेवून आलेली असत. कोणी रात्री धाकट्या भावाला सांभाळले नव्हते, कोणाची भाषा पुस्तकाच्या भाषेहून निराळी नव्हती, आणि प्रत्येकाला उत्तर येत होते. ‘शाब्बास’ म्हटले की ती हसत. प्रबलनाच्या रकान्यात खूण होई. प्रशिक्षणाने आपल्यासाठी एक मूल कल्पून घेतले आहे. ते पांढरपेशा घरातले आहे, त्याला जात नाही, कारण जात सांगावी लागण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. सगळे पाठटाचण या मुलाला उद्देशून लिहिले जाते.

पुढे नालासोपाऱ्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मला नोकरी लागली. नववीचा वर्ग, सत्तरांवर मुले. काहींच्या घरी भोजपुरी, काहींच्या घरी कोकणी वळणाची मराठी, काही मुले आमच्यासारखी मराठवाड्या-विदर्भातून आलेल्यांची. दोन भाऊ वीटभट्टीवरून येत. दिवाळीनंतर उगवत आणि पावसाळ्याच्या तोंडाला नाहीसे होत. माझे पाठटाचण पहिल्या आठवड्यातच कोलमडले, यात नवल नाही. प्रत्येक नव्या शिक्षकाचे कोलमडते. मला सांगायचे आहे ते वेगळेच.

ऑगस्टमध्ये कार्यालयातून शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा आला. मी वर्गात गेलो आणि म्हणालो, “शिष्यवृत्तीवाले उभे राहा.” मी म्हणालो. ज्याने स्वतः पाचवीपासून दरवर्षी हे वाक्य ऐकले होते, ज्याला उभे राहताना मागच्या बाकावरची कुजबूज पाठीवर जाणवली होती, तोच हे वाक्य जसेच्या तसे बोलला. सात-आठ मुले उभी राहिली. खिडकीजवळचा एक मुलगा बसून राहिला. त्याचे नाव यादीत होते. मी नाव पुकारले, तो म्हणाला, “आमचं नाही सर ते.” मुदत संपली, त्याचा अर्ज गेला नाही. त्या वर्षाचे त्याचे पैसे बुडाले. वडील बिगारी होते, ते पैसे त्या घरात लहान नव्हते. पुढे महिनाभराने तो मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला आणि एवढेच म्हणाला, “सर, तुम्हाला तरी माहीत पाहिजे होतं.”

वर्गात जातीसंबंधीचा कागद कसा वाटावा, हजेरी घेताना कोणाच्या नावावर हसू फुटते ते कसे ऐकावे, आडनाव विचारण्यामागे काय असते ते कसे ओळखावे, या विषयावर बी.एड.ला एकही सराव पाठ नव्हता. या दोषातून मी माझी सुटका करून घेत नाही. पण मला जे ठाऊक होते ते विसरायला लावण्याचे काम प्रशिक्षणाने किती चोख केले होते, हेही नोंदवले पाहिजे. पहिल्या पिढीतल्या पदवीधराजवळ त्या वर्गाविषयीचे जे ज्ञान असते ते कोणत्याही मानसशास्त्राच्या ग्रंथात नाही. तीच त्याची शिदोरी. आणि तीच फेकून देण्याबद्दल त्याला गुण मिळतात.

ही जाणीव आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याचा स्वच्छ विचार आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पगार पुरेसा असावा, आणि तो शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची त्याला लाज वाटू नये, इथपर्यंत जोतीराव गेले. म्हणजे प्रशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. सावित्रीबाईंनी स्वतः नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. जोतीरावांना हवे होते ते हातातल्या कष्टाच्या खुणा न पुसणारे प्रशिक्षण. योगायोग असा की त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी आमच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले ते प्राकृतात आहेत. सम्राटाला आपले म्हणणे लोकांना कळावे म्हणून लोकांच्या बोलीत कोरावे लागले. बी.एड.च्या निरीक्षकाने त्यावर ‘भाषा सुधारा’ असा शेरा मारला असता.

निराळ्या वाटेने शिक्षक घडवण्याचा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून दगड, पाने, बिया, शिंपले यांतून मुलांना मोजायला शिकवणे; मूल शाळेत येत नाही तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेणे; गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढणे, हे तिथे झाले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकास योजना आखली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. गेला तो शब्द. त्यामागची पद्धत शिक्षक-महाविद्यालयांच्या वाट्याला आली ती ‘थोर शिक्षणतज्ज्ञ’ या प्रकरणातल्या दहा गुणांच्या टिपेपुरती.

कोसबाडचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. १९४५ हेच वारली उठावाचेही साल. तलासरी-उंबरगावच्या जंगलपट्टीत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. एकाच पट्टीत एकीकडे मूल शाळेच्या अंगणात येत होते, दुसरीकडे त्याचा बाप जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला नकार देत होता. या दोन घटना एकमेकींशी बोलल्या असत्या तर? कोसबाडच्या शिक्षणात करुणा आहे, निरीक्षण आहे, कष्ट अपार आहेत. पण बापाच्या नकाराला तिथल्या अभ्यासक्रमात जागा दिसत नाही. सेवेच्या भूमिकेतून येणाऱ्या शिक्षणाची ही मर्यादा आहे. तरीही आजच्या बी.एड.पेक्षा कोसबाड मला शतपटीने जवळचे वाटते, कारण तिथे शिक्षक निदान पाड्यावर पायी गेला.

बाजाराविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयांचे पीक आले तेव्हा गावोगावच्या बौद्ध, मातंग, भटक्या, आदिवासी कुटुंबांनी शेळ्या-दागिने विकून पोरे तिथे घातली. या महाविद्यालयांना मान्यता ज्या रीतीने वाटल्या गेल्या त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती महाराष्ट्राच्या निमित्ताने झाली, हे आपल्याला भूषणावह नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राज्याने शिक्षकभरती थांबवली. हाती पदविका घेतलेली पोरे रिक्षा चालवू लागली. ज्यांना जागा मिळाल्या ते तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’. २००० साली ही योजना आली तेव्हापासून मानधन इतके तुटपुंजे होते की २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६,००० केले तेव्हा ती मोठी वाढ ठरली. पात्रता परीक्षा २०१३ पासून आली, तर २०१९-२० च्या परीक्षेतल्या गैरप्रकारात ७,८८० उमेदवार अडकले. आता १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक केली आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना तेवढी सवलत. परीक्षा जरूर घ्यावी. पण चार पर्यायांपैकी एकावर खूण करून खिडकीजवळचा तो मुलगा का बसून राहिला हे सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, आता अभ्यासक्रम बदलला आहे. बदलला आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतला छात्रसेवाकाल वीस आठवड्यांपर्यंत वाढला, लिंगभाव, समावेशन, समकालीन भारत असे विषय आले. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण या विषयांच्या बाजारी नोट्स उघडून पाहा. जात तिथे ‘वंचित घटक’ होते. वंचित घटकाच्या समस्या सहा, उपाय आठ. समस्या त्या घटकात आहे, वर्गाच्या रचनेत नाही, असाच सूर. शिवाय वीस आठवड्यांचा छात्रसेवाकाल बऱ्याच ठिकाणी गैरहजर शिक्षकांचे तास भरून काढण्यात जातो. अभ्यासक्रमात ग्रंथांचे वाचन आणि चिंतन असे एक कार्य आहे. त्यात ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ अंतराळ’, ‘आयदान’ का नसावीत? आपण ही आत्मकथने साहित्य म्हणून वाचली, त्यांच्या भाषेवर आणि विद्रोहावर चर्चासत्रे घेतली. पण त्यांत शाळा आहे, मास्तर आहे, बाहेर बसलेले मूल आहे. मराठीत शाळेतल्या वर्गाचे इतके जवळून केलेले निरीक्षण दुसरीकडे मला सापडलेले नाही. माझ्या बी.एड.च्या वर्षात यांपैकी एकाचेही नाव वर्गात निघाले नाही, आणि मीही ते काढले नाही.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वारली समाजातली, वसईच्या पूर्वेकडच्या पाड्यावरची, तिच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एड.चा छात्रसेवाकाल चालू होता. तिच्या वर्गात पाड्यावरची चार मुले होती. गणिताचे उदाहरण तिने त्यांना वारलीत समजावले, मुलांनी ते सोडवले. निरीक्षणवहीत शेरा आला : ‘प्रमाणभाषेचा वापर करावा.’ शाई या वेळी निळी होती. तिने विचारले, “सर, पुढच्या पाठाला काय करू?” मला पटकन उत्तर देता आले नाही. माझ्या आरशासमोरच्या ‘आणि-पाणी’ची गोष्ट मी तिला सांगितली. ती हसली नाही. पिशवीतून तिने दुसरी एक वही काढली. तिच्यात त्याच पाठांची टाचणे होती, पण मुलांनी काय विचारले, कोण गप्प बसले, कोण कशामुळे आले नाही, कोणता शब्द त्यांना वारलीतच कळला, असे लिहिलेले. ही वही ती महाविद्यालयात दाखवत नाही. मी ती मागून घेतली आहे आणि पुढच्या महिन्यात आमच्या पदवी वर्गात, तिच्या परवानगीने, तिच्यासमोर वाचणार आहे.