कुलवृत्तांताचें प्रामाण्य : तिकोणा पेठेच्या एका वहीवरून

पवन मावळांत तिकोणा ऊर्फ वितंडगड हा किल्ला असून त्याच्या पायथ्याशीं तिकोणा पेठ हें गांव आहे. मूळचें या पेठेंतलें, परंतु तीन पिढ्या मुंबईस राहिलेलें असें एक घराणें आहे. त्यांतील एका तरुण गृहस्थांनीं आपल्या घराण्याची हकीकत एका वहींत लिहिली आणि छापण्यापूर्वीं तपासण्यासाठीं ती आमच्याकडे आणून दिली. घराण्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. वहीचे गुणदोष त्या एका घराण्यापुरते नसून अलीकडे गांवोगांव तयार होत असलेल्या कुलवृत्तांतांस ते सामान्य आहेत. म्हणूनच त्यांची चर्चा या त्रैमासिकांत करणें आम्हांस उचित वाटतें.

वहीचे तीन भाग आहेत. पहिल्यांत मूळ पुरुषाची उत्पत्ति सांगितली आहे, दुसऱ्यांत शिवकालापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा पराक्रम वर्णिला आहे, आणि तिसऱ्यांत लेखकाच्या पणजोबांचें व आजोबांचें मुंबईस जाणें अवघ्या दीड पानांत आटोपलें आहे. ज्या काळाचा पुरावा लेखकापाशीं नाहीं त्यावर पानेंच्या पानें खर्ची पडलीं, आणि ज्याचा पुरावा अद्याप हातीं येण्याजोगा आहे त्यास दीड पान मिळालें, हा आमचा मुख्य आक्षेप होय. पुढील विवेचन त्याच आक्षेपाचा विस्तार आहे.

पहिल्या भागांत मूळ पुरुष उदेपुराहून आल्याचें सांगून घराण्याचें गोत्र काश्यप असल्याचा दाखला दिला आहे. काश्यप गोत्रानें कांहींच सिद्ध होत नाहीं. ज्यास आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यानें काश्यप गोत्र उच्चारावें असा धर्मशास्त्राचा परिपाठ आहे, आणि संकल्प सांगतांना उपाध्याय तसेंच म्हणवितात. म्हणजे जें गोत्र मूळ अज्ञात असल्याची खूण ठरूं शकतें, तेंच येथें मूळ ज्ञात असल्याचा पुरावा म्हणून उभें केलें आहे. उदेपुराची कथा घरांत सांगत असल्यास ती कथा म्हणून अवश्य नोंदावी. कोणीं, केव्हां व कोणापासून ऐकली तेंही लिहावें. वंशवृक्षाच्या मुळाशीं मात्र तिला बसवूं नये.

दुसऱ्या भागांतील प्रतिपादन असें कीं, शिवाजी महाराजांच्या काळापासून १८१८ पर्यंत तिकोण्याची किल्लेदारी याच घराण्यांत अखंड चालत होती. हें किल्ल्याच्या ज्ञात इतिहासाशींच जुळत नाहीं. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें जे तेवीस किल्ले मोंगलांकडे गेले त्यांत तिकोणा होता. तेव्हां त्या काळापुरती तरी ही अखंडता तुटते. शिवाय शिवशाहींत किल्ल्याचा कारभार एका हातीं नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तीन अधिकारी परस्परांवर लक्ष ठेवून असत. त्या पदांवर एकाच घराण्याचा वंशपरंपरेचा हक्क होता असें म्हणणाऱ्यानें निदान एक सनद, एक हजिरी किंवा एक हिशेबी फर्द दाखवावी. वहींत तसें कांहीं नाहीं. घराणें गडाच्या चाकरींत असणें असंभाव्य नव्हे. गडाच्या घेऱ्यांतील मेटांवर पहारा करणारे व नाईकवाडीची असामी खाणारे कित्येक लोक पायथ्याच्या गांवांतलेच असत. त्यांस गडकरी म्हणत. आजोबांनीं नातवास ‘आपण गडकरी’ असें सांगितलें असेल आणि नातवानें त्याचा ‘किल्लेदार’ केला असेल, असा आमचा तर्क आहे. ‘गडकरी’ या शब्दांत कमीपणा कांहींच नव्हता.

कालगणनेविषयीं एक सूचना करणें अवश्य वाटतें. जुन्या कागदांवरील सनांचें रूपांतर वहींत सर्वत्र एकाच मापानें, म्हणजे ५९० मिळवून केलें आहे. तें फसली सनास चालेल. सुहूर सनास ५९९ मिळवावे लागतात. मृगापासून वर्ष बदलत असल्यामुळें दोहोंतही कांहीं महिन्यांपुरता एकाचा फरक पडतो. समजा, कागदावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असें आहे. हा सुहूर सन १२१८, म्हणजे इसवी १८१७-१८ होय. तोच आंकडा फसली समजल्यास १८०८-०९ येतो. नऊ वर्षांची ही चूक इतर ठिकाणीं क्षम्य ठरेल. परंतु येथें तिच्यामुळें पेशवाई बुडाल्याच्या वर्षींचा कागद पेशवाईच्या भर अमलांतला ठरतो, आणि ‘१८१८ सालीं गड गेला तेव्हां घराणें गडावर होतें कीं पेठेंत शेत कसत होतें’ या प्रश्नाचें उत्तर उलटें होऊं शकतें.

घरगुती लेखनास आम्ही तुच्छ लेखतों असें कोणीं समजूं नये. कारी येथील जेधे देशमुखांच्या घरांत निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि तींत मिळाली, आणि अनेक वर्षांच्या वादानंतर महाराष्ट्र सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ सालीं मान्य केली. एका मावळी घराण्याचें टिपण येवढ्या योग्यतेस कां चढलें? शकावली घटना सांगते आणि थांबते. तिला कोणाकडून कांहीं मागावयाचें नाहीं. आणि शिवभारत व जोधपुरास सांपडलेली जन्मकुंडली या स्वतंत्र साधनांनीं तिला दुजोरा मिळतो. त्याच घराण्याच्या करीन्याकडे अभ्यासक अधिक सावधपणें पाहतात, कारण करीना हा वतनाच्या हक्कासाठीं सांगितलेला असतो. एकाच घरांतील या दोन कागदांमधला भेद ज्यास कळला त्यास कुलवृत्तांत कसा लिहावा हें वेगळें शिकविण्याची गरज नाहीं. आमच्यापुढील वही करीन्याच्या जातीची आहे. तिनें शकावलीच्या जातीचें व्हावें अशी आमची इच्छा आहे.

आतां गांवाच्या नांवाकडे वळूं. पेठ म्हणजे कौल देऊन, कांहीं वर्षें सारा माफ किंवा कमी करून, व्यापारी व उदमी लोक आणून बसविलेली वस्ती. म्हणून जें गांव पेठ म्हणवितें तेथील घराणें मूळचेंच तेथलें असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. तें कोठून तरी आलेलें असण्याचाच संभव अधिक. लेखकांनीं ‘आम्ही पेठेचे मूळ रहिवासी’ हें वाक्य लिहितांना या शब्दाचा अर्थ ध्यानांत घेतलेला नाहीं. घराणें मिरासदार होतें कीं उपरी, हें पाहण्याचें साधन म्हणजे गांवचा थळझाडा. त्यांत जमिनीचीं थळें मूळ कुळांच्या नांवांनीं लावलेलीं असतात, आणि कूळ नष्ट झालें तरी ‘गतकूळ’ म्हणून तें नांव राहतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत गांववार कागद आहेत. या गांवचा थळझाडा तेथें निघतो कीं नाहीं याचा शोध लेखकांनीं केलेला नाहीं. तो आधीं करावा.

तिसरा भाग, म्हणजे तें दीड पान, आमच्या मतें सर्व वहींत मोलाचा आहे. त्यांत पणजोबा पायीं लोणावळ्यास जाऊन आगगाडीनें मुंबईस गेले, आजोबा डबे वाहत आणि भातलावणीस गांवीं येत, येवढें सांगितलें आहे. या तीन वाक्यांमागें साऱ्या मावळचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास आहे. बोरघाटांतून रेल्वे १८६३ त सुरू झाली आणि मुंबई मावळ्यांच्या आटोक्यांत आली. डबे पोंचविण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनीं १८९० मध्यें बांधून दिला, आणि मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर येथील लोकांनीं तो चालविला. १८९६ त मुंबईंत प्लेग सुरू झाला तेव्हां हजारों कामकरी आपापल्या गांवीं परतले. म्हणजे हें जाणें एकदांचें नव्हतें; येरझार होती. टाटांच्या वीजकामासाठीं लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधले गेले व १९१५ त खोपोलीहून वीज वाहूं लागली. शेजारच्या मुळशी खोऱ्यांत धरणाविरुद्ध १९२१ त सत्याग्रह झाला. यांपैकीं कोणत्या घटनेनें या घराण्यास घराबाहेर काढलें? कीं भाऊबंदकीनें? कीं कर्जानें? वही हा प्रश्नच विचारीत नाहीं. गडाच्या पडावाचें वर्णन जेवढ्या आवेशानें केलें आहे तेवढ्या चौकसपणानें हें विचारलें असतें, तर ही वही आम्हीं मंडळाच्या दप्तरीं ठेवण्याची शिफारस केली असती.

हें शोधण्यास साधनें आहेत. तलाठ्याकडील सहा नंबरच्या फेरफारांत वारसाची नोंद होते. कोण केव्हां वारला, मागें कोण राहिलें, मुंबईस राहणाऱ्या भावाचें नांव लागलें कीं वगळलें, हें तेथें दिसतें. कोतवाल बुकांत, म्हणजे गांव नमुना चौदांत, जन्ममृत्यु मिळतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू स्वतः आपलें व आपल्या भावांमुलांचें नांव सांगतो. आजोबा अस्थि घेऊन नाशिकास गेले असल्यास तेथें तपास करावा. शाळेच्या जनरल रजिस्टराविषयीं मात्र आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्यांतील जन्मतारखांपैकीं कित्येक १ जून या आहेत. शाळा जून महिन्यांत उघडत. मुलाच्या बापास तारीख ठाऊक नसे, आणि वय भरावें म्हणून मास्तर ती तारीख घालीत. आम्हींही ती घातली आहे. वहींत आजोबांचा जन्म १ जूनचा दिला असून त्यावरून त्यांची कुंडली मांडली आहे! ती कुंडली आजोबांची नसून एखाद्या शिक्षकाच्या सोयीची आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. वहींतील वंशवृक्षांत एकाही स्त्रीचें नांव नाहीं. जुन्या कागदांत पुरुषाच्या नांवापुढें ‘बिन’ लावून बापाचें नांव देत, तसें स्त्रीच्या नांवापुढें ‘कोम’ लावून नवऱ्याचें देत. म्हणजे सरकारी कारकुनानें तरी तिचें नांव लिहिलें. नातवानें तेंही वगळलें. आजोबा मुंबईस असतां शेत कोणीं राखलें, सारा कोणीं भरला, मुलें कोणीं वाढविलीं? लेखकांची आजी हयात आहे. तिचें माहेर कोणतें हें आम्हीं विचारलें, तेव्हां लेखकांस तें सांगतां आलें नाहीं. स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, प्रत्येक घरांत दर पिढीस एक स्थलांतर लग्नानें घडतच असतें.

परदेशचें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. मॉरिशस बेटांत १८३४ पासून करारबद्ध मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत. नंबर, नांव, बापाचें नांव, वय, गांव, आणि पुढील काळांत छायाचित्रसुद्धां. तेथील मराठी घराण्यांचे वंशज या नोंदींवरून पूर्वजाचें गांव शोधीत येतात. मजुरावर मळेवाल्याची व सरकारची नजर होती म्हणून त्याची नोंद झाली. तिकोण्याहून मुंबईस आपल्या पायांनीं गेलेल्या माणसाची अशी नोंद कोणीं केली नाहीं. त्याची हकीकत त्याच्या घरच्यांच्या तोंडीं आहे, आणि तीं तोंडें मिटत चाललीं आहेत.

घराण्याचे कागद वाचणें हा आतां केवळ हौसेचा विषय राहिलेला नाहीं. २०२३ सालीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें उघडलीं, आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकीं गरज भासली. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंतु पणजोबांच्या नांवापुढील एका मोडी शब्दावर पणतवाचा दाखला अवलंबून असतां, तो शब्द आपणांस हवा तसा वाचण्याची संवय किती घातक आहे, हें कुलवृत्तांत लिहिणाऱ्यानें जाणलें पाहिजे.

पवना नदीवरील धरण १९७२ सालीं पुरें झालें आणि पवन मावळांतील कित्येक गांवांचीं घरें व शेतें पाण्याखालीं गेलीं. ज्यांनीं तीं शेतें कसलीं ते आज ऐंशींच्या पुढें आहेत. बांधांचीं नांवें, थळांचीं नांवें, कोण कोठें उठून गेला हें त्यांसच ठाऊक आहे. गडाचा तट आणखी शंभर वर्षांनींही मोजतां येईल. हे लोक तोंपर्यंत थांबणार नाहींत.

वही आम्हीं लेखकांस परत केली आहे. पहिला भाग काढावा, दुसरा पुरावा मिळेपर्यंत बाजूस ठेवावा, आणि तिसरा प्रथम लिहावा, असें सुचविलें आहे. त्यांस तें फारसें रुचलेलें दिसलें नाहीं. किल्लेदारी सोडणें त्यांच्या जिवावर आलें. तथापि निघतांना त्यांनीं आजीस कोणते प्रश्न विचारावे याची यादी आमच्याकडून लिहून घेतली. तिची उत्तरें आल्यास तीं, लेखकांच्या संमतीनें, या त्रैमासिकांत देण्याचा आमचा मानस आहे.