मेंदूचे चित्र आणि लुप्त झालेले 'पेक्षा'

वऱ्हाडात पक्षाघाताला त्याचे पुस्तकी नाव क्वचितच लाभते. 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारं गेलं' असे म्हटले जाते. दोन्ही प्रयोगांत कर्ता बाहेरचा असून रुग्ण केवळ भोगणारा आहे. या रुग्णाचा लुळा हात पुन्हा हलेल काय, याचे उत्तर मेंदूच्या चित्रातून मिळते असा समज अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षितांतही आढळतो. त्या समजाची भाषिक बाजू तपासणे एवढाच येथे हेतू आहे.

'मेंदूचा हा भाग उजळला' हे वाक्य घ्यावे. वस्तुतः कार्यदर्शी एमआरआयमध्ये काहीच उजळत नाही. चेतापेशींची क्रिया वाढली की त्या भागात प्राणवायुयुक्त रक्त अधिक येते आणि चुंबकीय संकेतात अल्पसा फरक पडतो. हात हलवितानाच्या संकेताची विश्रांतीतील संकेताशी तुलना करून, संख्याशास्त्रीय मर्यादेपलीकडचा फरक तेवढा रंगविला जातो. अर्थात चित्र हे 'यापेक्षा ते अधिक' असे तुलनावाचक विधान होय. डोळ्यांस रंग दिसतो, 'पेक्षा' मात्र लुप्त होते. शिवाय पक्षाघातात रक्ताभिसरणच बिघडलेले असल्यामुळे, रंग नाही म्हणून क्रियाही नाही, असे अनुमान धाडसाचे ठरते.

१९९१ मध्ये शोले व सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या सहा रुग्णांना बोटे हलवावयास सांगितले, तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह वाढलेला आढळला. निरोगी बाजू मदतीस आली, हा अर्थ मोहक होता. पुढे २००३ मध्ये वॉर्ड प्रभृतींनी तेच रुग्ण पुनःपुन्हा तपासले, तेव्हा हात जसजसा सुधारला तसतशी ही जादा क्रिया ओसरत गेली. सहचार म्हणजे कारण नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना ध्वनिपरिवर्तनाच्या तासाला शिकवितोच.

भाकिताचा प्रश्न निराळा आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच खरा. २०१० च्या एका डच अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत बोटे थोडी सरळ करू शकणाऱ्या व खांदा बाजूला उचलू शकणाऱ्या रुग्णांना सहा महिन्यांनी हाताचे काही कौशल्य लाभण्याची शक्यता ९८ टक्के आढळली. ज्यांना दोन्ही जमत नव्हते त्यांची २५ टक्के. स्टिनिअर यांच्या भाकितपद्धतीत २०१२ साली एमआरआय होते. २०१७ च्या सुधारित पद्धतीतून ते गळाले. चित्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी न पोहोचलेल्या रुग्णाला 'चित्र नाही म्हणून आशा नाही' असे सांगणे निराधार आहे.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे नातेवाइकांना विचारून निश्चित केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पक्षाघात हे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. अशा पद्धतीत सारी भिस्त शब्दांवर असते. 'वारं' मात्र सांधेदुखीलाही म्हणतात! तेव्हा वऱ्हाडीतील अशा रोगवाचक प्रयोगांचा तालुकावार संग्रह आपल्या विभागानेच हाती घ्यावा, अशी सूचना करावीशी वाटते.