कथाकाराचे व्याकरण

कथास्पर्धेसाठी आलेल्या हस्तलिखितांचा गठ्ठा वाचून हातावेगळा केला की दरवर्षी एकच प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. यांतील पुष्कळ कथांना विषय आहे, पाहिलेले आयुष्य आहे, सांगण्याची तळमळही आहे. तरी वाचताना मन जागोजागी अडखळते. अडखळण्याचे कारण शोधू लागलो, तर ते बहुधा कथानकात सापडत नाही; एखाद्या विभक्तीत, सर्वनामात किंवा क्रियापदाच्या रूपात सापडते. लेखकाला तसे कळवले, तर दोनपैकी एक उत्तर येते. एक म्हणतो, "तेवढे तुम्ही छापताना दुरुस्त करून घ्या." दुसरा, थोडा अधिक स्वाभिमानी, म्हणतो, "आमची बोलीच तशी आहे. पुण्याचे व्याकरण आमच्यावर लादू नका."

ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात. व्याकरण म्हणजे ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार, असे पहिल्या लेखकाने धरले आहे. बोलीला व्याकरण नसते, असे दुसऱ्याने. आमच्या मते कथेतील व्याकरण हा कुणी कुणाला काय केले, ते कोण सांगते आहे आणि कुणाच्या बाजूने सांगते आहे, याचा प्रश्न आहे. तो मुद्रितशोधकावर सोपवता येत नाही, कारण ती उत्तरे त्याला ठाऊक नसतात.

शुद्धलेखनाचा भाग आरंभीच बाजूला ठेवू. मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम दोन संध्याकाळी वाचून होतात. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, एवढे भान लेखकाने ठेवावे, शंका आल्यास कोश उघडावा. अशी चूक राहिली तरी वाचक संदर्भाने अर्थ लावून पुढे जातो. कथेचा घात करणाऱ्या चुका निराळ्या आहेत आणि त्या शुद्धलेखनाच्या दृष्टीने अगदी निर्दोष वाक्यांत लपलेल्या असतात.

एका कथेत दोन भाऊ होते. वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी झालेली. कथेच्या मध्यावर वाक्य येते : 'थोरल्याने धाकट्याला त्याच्या वाडीतून हाकलून दिले.' वाडी कुणाची? मराठीत 'आपला' हे सर्वनाम वाक्यातील कर्त्याकडे वळते. 'त्याचा' हे बहुधा कर्त्याला सोडून दुसऱ्याकडे. 'आपल्या वाडीतून' असे असते, तर थोरल्याने स्वतःच्या हद्दीत शिरलेल्या भावाला बाहेर काढले, असा अर्थ झाला असता. तो फार तर कठोर ठरला असता. 'त्याच्या वाडीतून' म्हटल्यावर त्याने भावाला भावाच्याच जमिनीवरून हुसकावले, असे होते. पुढची दोन पाने वाचल्यावर कळते की लेखकाला पहिला अर्थ हवा होता. म्हणजे तोवर आम्ही एका निरपराध माणसाला अन्यायी समजत होतो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द चालतो, म्हणून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांकडून ही चूक अधिक होते. घरात मात्र ते आईला 'माझे ताट मी आपले घेतो' असे बिनचूक सांगत असतात.

दुसरी चूक 'ऊन' प्रत्ययाची. 'होडी किनाऱ्याला लावून वारा सुटला.' असल्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. त्यामुळे या वाक्यात होडी वाऱ्यानेच किनाऱ्याला लावली! 'पाऊस पडून चिखल झाला' हे वाक्य मात्र कुणालाही खटकत नाही, कारण तेथे पहिली क्रिया दुसरीचे कारण आहे. नियम आणि त्याची सवलत, दोन्ही आपल्या कानाला ठाऊक असतात. लिहिताना आपण कानाला विचारत नाही, एवढेच. 'त्यांनी होडी किनाऱ्याला लावली न लावली तोच वारा सुटला,' असे लिहिले की माणसे, होडी आणि वारा आपापल्या जागी येतात; शिवाय प्रसंगाला वेग येतो तो निराळाच.

तिसरी अडचण दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची. मराठीला बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच पुरुषात ठेवण्याची जुनी सवय आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' या वाक्यात येणारा 'तो'च असतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. परंतु कथा प्रथमपुरुषी असली की हीच सवय लेखकाला गोत्यात आणते. 'दादा म्हणाला की मी चूक केली.' चूक दादाची की निवेदकाची? ही कबुली की आरोप? आमच्याकडे आलेल्या एका कथेचा सारा शेवट या एका वाक्यावर उभा होता आणि तीन परीक्षकांनी त्याचे दोन अर्थ लावले. कबुली असेल तर दादाचे शब्द अवतरणात द्यावेत. आरोप असेल तर 'दादाच्या मते चूक माझी होती' असे सरळ लिहावे. संदिग्धताच हवी असेल तर तीही ठेवावी. मात्र आपण ती ठेवली आहे, हे लेखकाला ठाऊक असावे.

याच ओळीत 'गेले' या क्रियापदाचा विचार करावा लागेल. 'कर्ज काढले गेले', 'वाडी विकली गेली', 'इमारत उभारली गेली' अशी वाक्ये सरकारी पत्रकांतून आणि इंग्रजीच्या अनुवादांतून कथेत शिरली आहेत. वाडी विकणारा कोण, हे त्यांतून कळत नाही. लेखकाला ते माहीत नसते किंवा सांगायचा कंटाळा असतो, तेव्हा हा दोष होय. परंतु ज्याने अंगठा उठवला तोच थोरला भाऊ गावकऱ्यांपुढे 'वाडी विकली गेली' असे म्हणतो, तेव्हा त्याच वाक्यात त्याची सगळी लाज उतरते. येथे वाक्यरचना तीच आहे. एकीकडे ती लेखकाच्या हातून झाली आहे, दुसरीकडे पात्राने केली आहे. कथेपुरते व्याकरण तपासायचे म्हणजे हा भेद तपासायचा.

क्रियापदांच्या आणखी काही चुका नुसत्या नोंदवून पुढे जातो. 'आईने मुलीला कुशीत घेतली' असे नव्हे, 'घेतले'. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याच्या लिंगाकडे पाहत नाही. 'तिने बोलली' असे नव्हे, 'ती बोलली'. 'माझी मदत कर' हे हिंदीचे वळण, मराठीत 'मला मदत कर'. निवेदन भूतकाळात चालले असताना मध्येच 'तो दार उघडतो' असे आले, तर वाचकाला वाटते की काही विशेष घडणार आहे. तसे काही घडले नाही, की त्याचा लेखकावरील विश्वास थोडा कमी होतो.

यापुढची चूक कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात चूक म्हणून दिलेली नाही. तरी आम्हांला ती सर्वांत गंभीर वाटते. एका कथेत मालक 'आले', 'बसले', 'म्हणाले'. त्यांच्या विहिरीवर राबणारा, वयाने त्यांच्याहून मोठा असलेला गडी मात्र 'आला', 'बसला', 'म्हणाला'. कथा गड्याच्या दुःखाची होती. लेखकाची सहानुभूती खोटी नव्हती. पण त्याची क्रियापदे मालकाच्या ओसरीवर बसलेली होती. आदरार्थी अनेकवचन ही मराठीने दिलेली मोठी सोय आहे आणि तिच्यात आपले सगळे मानापमान साठलेले आहेत. पात्रांनी एकमेकांना 'अरे' म्हणावे की 'अहो', हे त्यांच्या घरावर, गावावर आणि नात्यावर सोडावे. निवेदकाने मात्र कुणाला 'आले' म्हणायचे आणि कुणाला 'आला', हे सवयीवर सोडू नये. सर्वांना एकवचन द्यावे, सर्वांना अनेकवचन द्यावे, किंवा भेद करायचाच असेल तर तो का करतो, हे स्वतःला विचारावे.

आता बोलीकडे वळू. बोलीला व्याकरण नसते, हे म्हणणे बोलीचा कैवार घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. वसईची सामवेदी घ्या, वाडवळी घ्या, मालवणी किंवा वऱ्हाडी घ्या. त्या बोलीत वाढलेली सहा वर्षांची पोरही चुकीचे रूप कानावर पडताच हसते. हसते म्हणजेच नियम आहे. महामंडळाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडी 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी बोलण्यातील रूपे घालण्यास मोकळीक ठेवली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ सालच्या पुस्तकाच्या नावातच 'माणसे' नाहीत, 'माणदेशी माणसं' आहेत. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत माणसे वऱ्हाडीत बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीत चालते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) शेतावर राबणारा नारबा स्वतःच कथा सांगतो, म्हणून तेथे निवेदनही बोलीतच आहे. या दोन वाटा निराळ्या असल्या तरी दोहोंत एक गोष्ट सारखी आहे : कोण बोलते आहे, हे लेखकाने आधी ठरवले आहे. आमच्याकडे येणाऱ्या कथांत बिघडते ते येथे. आजी पहिल्या पानावर बोलीत बोलते, तिसऱ्यावर वर्तमानपत्रासारखे बोलते, आणि निवेदक एकाच परिच्छेदात 'गेले' आणि 'गेलं' दोन्ही लिहितो. बोलीचे नाव घेऊन याचे समर्थन होणार नाही. बोलीतही तो गोंधळच ठरतो.

या बाबतीत एक कबुली आम्हांलाही दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका नवोदित लेखिकेची कथा आम्ही स्वीकारली होती. तीत मरणासन्न आजी नातीला विहिरीविषयी काही सांगते, तिच्या स्वतःच्या बोलीत. ती बोली सर्वदूरच्या वाचकांना समजणार नाही, या काळजीपोटी आम्ही आजीची सारी क्रियापदे प्रमाण मराठीची केली आणि कथा छापली. लेखिकेचे पत्र आले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. एवढेच लिहिले होते की, अंक घरी वाचला तेव्हा आईने विचारले, ही बाई कोण? आम्हांला उत्तर सुचले नाही. निवेदनातील खऱ्या चुका, ज्या दुरुस्त करणे हे आमचे काम होते, त्यांतील दोन तशाच राहिल्या होत्या. आणि जे बरोबर होते ते आम्ही चुकवले होते. तेव्हापासून पात्राच्या तोंडचा शब्द लेखकाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.

व्याकरणाचा अभ्यास आणि कथा सांगण्याची ओढ यांचे वैर मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा येथील भाषा त्यांना परक्या होत्या. पुढे १६१६ साली त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्याच हाताने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोल येथे छापून निघाले. ज्या लोकांना कथा सांगायची त्यांच्या भाषेची रूपे त्यांनी बारकाईने ऐकली, म्हणून ती कथा लोकांनी ऐकली. आम्हांला तर ही भाषा पाळण्यातच मिळालेली आहे. दादोबा पांडुरंगांचे १८३६ सालचे किंवा मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे व्याकरण प्रत्येक कथाकाराने मुखोद्गत करावे, असा आमचा आग्रह नाही. एवढेच करावे की कथा लिहून झाल्यावर ती चार दिवस ठेवून द्यावी आणि मग मोठ्याने वाचावी. शक्य तर घरातील वडीलधाऱ्या माणसापुढे. प्रत्येक 'त्याचा' कुणाचा, प्रत्येक 'मी' कोण, प्रत्येक 'गेले'मागे कुणाचा हात, हे विचारीत जावे. जेथे ऐकणारा मान वर करून 'कोण?' असे विचारील, तेथे चूक आहे.

शेवटी एक लहानशी गोष्ट. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. एकात ऐकणारा येत नाही, दुसऱ्यात येतो. 'आमची वाडी गेली' असे म्हणणारा समोरच्याला आपले दुःख सांगतो. 'आपली वाडी गेली' असे म्हणणारा त्याला त्या दुःखात वाटेकरी करतो. या वर्षीच्या एका कथेत शहरात स्थायिक झालेला धाकटा भाऊ पहिल्या पानापासून 'तुमची वाडी' म्हणत असतो आणि शेवटच्या ओळीत, थोरल्याच्या अंगणात उभा राहून, 'आपली' म्हणतो. लेखकाने त्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. हस्तलिखितात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. त्या आम्ही आनंदाने दुरुस्त केल्या.