शिलालेखातील कबुली आणि मौन

मौर्य साम्राज्याची थोरवी बहुधा त्याच्या विस्तारावरून मोजली जाते. परंतु सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात विजेता स्वतःच कलिंगविजयाचा हिशेब मांडतो : १,५०,००० माणसे देशोधडीस लागली, १,००,००० मारली गेली. राजप्रशस्तीच्या परंपरेत अशी कबुली विरळाच. तिचा ग्रीक अनुवाद कंदाहारलाही कोरला गेला. मात्र ज्या कलिंगाने हे दुःख भोगले, तेथील धौली व जौगड येथे हा लेख नाही. त्याऐवजी प्रजेला अपत्य मानणारे दोन स्वतंत्र लेख आहेत. शिवाय याच तेराव्या लेखात अटवीवासीयांना ताकीदही आहे. अशोकाचा गौरव करताना आपण ही कबुली अभिमानाने सांगतो. ते मौन आणि ती ताकीदही तितक्याच प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. धम्माला अंधश्रद्धेची नव्हे, चिकित्सेची अपेक्षा आहे.