वीस मिलिमीटरची करामत

2005 साली मारुती स्विफ्ट आपल्याकडे आली, तेव्हा एलएक्सआय आणि व्हीएक्सआयच्या टायरवर 165/80 R14 असं कोरलेलं असे, तर झेडएक्सआयच्या टायरवर 185/70 R14. रिम दोन्हींत चौदा इंचीच. ‘रोडग्रिप हवी की ॲव्हरेज’ या आपल्या जुन्या वादाचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. 165 चे ऐंशी टक्के 132, आणि 185 चे सत्तर टक्के 129.5. म्हणजे रुंदी वीसने वाढली, तरी अख्ख्या चाकाचा व्यास 620 वरून 615 मिलिमीटरच्या आसपास आला, बस. स्पीडोमीटरला पत्ता लागत नाही, गिअरचा हिशोब बिघडत नाही. वळणावर मात्र रुंद टायरची भिंत कमी मुडपते आणि स्टिअरिंग फिरवताक्षणी गाडीचं नाक वळतं.

फुकट काहीच नाही. चाक जड होतं, हवेला आडवं जास्त येतं. शिवाय टायर जमिनीला टेकतो तिथे चेपतो, पुढे सरकला की पुन्हा फुगतो, आणि या उठाबशांत पेट्रोलची ताकद उष्णता होऊन जाते. पण ही गळती नुसत्या रुंदीवर ठरत नाही. रबराचा वाण आणि आतली हवा यांचा वाटा त्यात मोठा. दाराच्या चौकटीवरचा हवेचा स्टिकर न वाचता नव्या टायरना शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात.

खरी गंमत घाटात कळते. मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरताना बसलेल्या शॉकअपची गाडी प्रत्येक वळणाआधी ब्रेक मागते, कारण चाक खड्ड्यावरून उडतं आणि ड्रायव्हर बिचकतो. ब्रेकमध्ये जाळलेला वेग पुढे पेट्रोल मोजूनच परत घ्यावा लागतो. चांगले शॉकअप चाकाला रस्ता सोडू देत नाहीत, त्यामुळे बेताच्या वेगातली गाडी तोच वेग धरून वळण काढते. हँडलिंगवर केलेला खर्च इथे पेट्रोलमध्ये वसूल होतो! वळणं संयमाने घेणाऱ्यालाच, अर्थात. शर्यतबाजाचं ॲव्हरेज कुठलाही शॉकअप वाचवू शकत नाही. आणि उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढं ऐकावं: गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की आजकालच्या इंजिनात इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, वर इंजिनाचा लगामही सुटतो.

अलाइनमेंटचंही तेच. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला, तर टो बिघडलाय. चाकं सरळ धावण्याऐवजी थोडी तिरकी घासत चालली आहेत. स्टिअरिंग बेभरवशाचं, टायर लवकर गुळगुळीत, ॲव्हरेज कमी. तिन्ही तक्रारी एका पान्यात मिटतात.

सोळा-सतरा इंची जड अलॉय, कापलेल्या स्प्रिंगा, मागे स्पॉयलरचा पंख यांबद्दल फार लिहायला नको. ऐंशीच्या वेगात तो पंख फक्त हवा अडवतो आणि पार्किंगमध्ये शोभतो.

एक फसवणूक मात्र सांगायलाच हवी. 165/80 च्या जागी कुणी 185/65 R14 बसवतं. चाकाचा व्यास 596 मिलिमीटरवर येतो. गाडी शंभर किलोमीटर जाते आणि मीटर 104 दाखवतो. गाडीमालक पंपावर टाकी फुल करून भागाकार करतो, ॲव्हरेज वाढलेलं पाहतो आणि टायरवाल्याकडे आणखी दोन मित्र पाठवतो.